सुरतेच्या डॉक्टरीणबाई

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी यंदा "लोकांच्या जिव्हाळ्याच्या डॉक्टरांविषयी" काही लिहा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी प्रथम आपल्या कुळगावातल्याच डॉक्टरांची नावे बोटांवर मोजू लागले. पण काम अवघड आहे हे लगेच ध्यानात आले. प्रत्येक आळीचा डॉक्टर निराळा, आणि ज्याला ज्याचा गुण येतो त्याला तोच धन्वंतरी. एकाविषयी लिहावे तर बाकीच्यांचे रुग्ण रुसणार, आणि मला तर पावसाळा लागला की सगळ्यांच्याच दवाखान्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात! तेव्हा हयात असलेल्यांना हात न लावता मागच्या काळात जावे हे बरे, असे ठरवले.

मागच्या काळात गेले की आपल्या बाजूची डॉक्टर म्हणून एकच नाव प्रत्येकीच्या तोंडी येते, ते म्हणजे कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचे. आपल्या स्टेशनावर गाडीत बसले की अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि मग कल्याण; चौदा-पंधरा किलोमीटरचा प्रवास. कल्याणहून आपल्या बाजूने पळसदरी-खोपोलीकडे आगगाडी सुरू झाली १८५६ साली. आनंदीबाई जन्मल्या ३१ मार्च १८६५ रोजी. म्हणजे कल्याणच्या जोशांची ही यमुना अंगणात खेळत होती, तेव्हा आपल्या या रुळांवरून गाडी धावत होती. शेजारधर्माने पाहिले तर मी आनंदीबाईंवरच लिहायला हवे.

परंतु आनंदीबाईंची कथा आपणां सर्वांना पाठ आहे. नवव्या वर्षी गोपाळराव जोश्यांशी लग्न, पोस्टातल्या त्या विक्षिप्त नवऱ्याचा शिकवण्याचा हट्ट, चौदाव्या वर्षी झालेले आणि दहा दिवसांत गेलेले बाळ, मग ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून एकटीने आगबोटीत पाय ठेवणे, न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर मावशींची माया, आणि ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाची एम.डी. पदवी. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचली आहे, २०१९ साली निघालेला चित्रपटही पाहिला आहे. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूकही झाली होती. पण अंगात क्षय भिनला होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. कोल्हापूरच्या त्या दवाखान्यात त्यांना एक दिवसही रुग्ण तपासावयास मिळाला नाही. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

आता गंमत पाहा. गंमत कसली, काळजाला घर पाडणारी गोष्ट आहे. आनंदीबाई गेल्या त्याला पुरता आठवडाही झाला नव्हता, आणि ४ मार्च १८८७ रोजी मुंबईच्या हायकोर्टात एका दुसऱ्या मराठी मुलीचा निकाल लागला. ही मुलगी आनंदीबाईंहून अवघी चार महिन्यांनी मोठी. कोर्टाने तिला सांगितले की, एक महिन्याच्या आत नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. मुलीने उत्तर दिले, तुरुंगात जाते. या मुलीचे नाव रखमाबाई. पुढे हीच मुलगी डॉक्टर झाली आणि सुमारे पस्तीस वर्षे तिने बायकांची बाळंतपणे केली. मला लिहायचे आहे ते तिच्याविषयी. आनंदीबाईंच्या हातून जे काम व्हावयाचे राहून गेले ते कसे असते, हे रखमाबाईंच्या आयुष्यात पाहावयास मिळते.

रखमाबाईंचा जन्म मुंबईचा, २२ नोव्हेंबर १८६४ चा. आई जयंतीबाई तेव्हा पंधरा वर्षांची होती. रखमा अडीच वर्षांची असताना वडील जनार्दन पांडुरंग वारले; सतरा वर्षांची विधवा आणि तिची तान्ही पोर मागे राहिली. हे कुटुंब सुतार जातीचे, आणि त्या जातीत विधवेचे पुन्हा लग्न करण्याची मोकळीक होती. सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी लग्न केले. लग्नाआधी जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. ही मालमत्ता ध्यानात ठेवा, पुढे कज्ज्यात तिचे काम आहे.

सखाराम अर्जुन हे मोठे विद्वान गृहस्थ होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवीत, झाडपाल्याच्या औषधांचा त्यांचा व्यासंग दांडगा. १८८३ साली मुंबईत निसर्ग इतिहास मंडळ (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) निघाले, त्याच्या आठ संस्थापकांत हे एक. सावत्र बाप म्हटले की आपल्याकडे कपाळाला आठी पडते. परंतु रखमाबाईंना घरात मिळालेला पहिला डॉक्टर आणि पहिला कैवारी हाच. मिशनच्या ग्रंथालयातली पुस्तके घरी आणून ती मुलगी वाचीत बसे. आईबरोबर प्रार्थनासमाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जाई. आर्य महिला समाज पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात काढला. आपल्या मंडळासारख्या सगळ्या मंडळांची ती थोरली बहीणच म्हणा ना. बायकांनी एकत्र बसून वाचावे, बोलावे, हीच तेव्हा मोठी क्रांती होती.

इतके असूनही रूढी काही चुकली नाही. अकराव्या वर्षी रखमाचे लग्न झाले. नवरा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला, गरीब. त्याने सासऱ्याच्या घरी राहून शिकावे आणि माणूस व्हावे असे ठरले होते. लग्नानंतर सात महिन्यांनी मुलगी शहाणी झाली. रीतीप्रमाणे आता गर्भाधान व्हायचे. पण सखाराम अर्जुन डॉक्टर होते. इतक्या लहान मुलीच्या देहाचे काय होते ते त्यांनी रोज पाहिले असणार. त्यांनी साफ नकार दिला. इकडे दादाजीचे शाळेत लक्ष लागेना. तो आपल्या मामाच्या घरी राहू लागला, आणि त्या घरचे वळण रखमाबाईंना पटण्यासारखे नव्हते. असे एक, दोन नव्हे, आठ वर्षे चालले. मुलगी आईकडे वाचीत वाढली, नवरा मामाकडे कर्जात आणि आजारपणात बुडाला. मग १८८४ साली वकिलाची नोटीस आली की, माझ्या बायकोला माझ्या घरी पाठवा. बायकोच्या नावावरची मालमत्ता मामाला आणि भाच्याला दिसत नव्हती असे कोण म्हणेल?

रखमाबाई म्हणाल्या, मी जाणार नाही. तो गरीब आहे, आजारी आहे, त्याच्या घरचे वळण चांगले नाही ही कारणे वकिलांनी मांडली. पण या सर्वांच्या तळाशी असलेले कारण त्या काळी कोणी ऐकलेही नव्हते. हे लग्न माझ्या अकराव्या वर्षी, मला न विचारता लावले गेले. ते मी मानीत नाही, असे ते कारण होते. 'हिंदू स्त्री' या टोपणनावाने त्यांनी १८८५ साली टाइम्स ऑफ इंडियात बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर इंग्रजीत पत्रे लिहिली. ती पत्रे कोणा पुरुषाचीच असणार, असे कित्येकांना वाटे. बाई इतके नीट लिहील हेच पटत नसे.

त्याच वर्षी एप्रिलात सखाराम अर्जुन वारले. खटला कोर्टात उभा राहायच्या आतच पाठीवरचा हात गेला. सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्हे यांच्यापुढे काम चालले. रखमाबाईंच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. २१ सप्टेंबर १८८५ रोजी पिन्हेसाहेबांनी निकाल दिला तो रखमाबाईंच्या बाजूने. त्यांचे म्हणणे साध्या शब्दांत असे की, एकत्र नांदलेले जोडपे वेगळे झाले तर त्यांना पुन्हा एकत्र आणण्याचा हा कायदा आहे. जी कधी नांदलीच नाही, जिचे लग्न ती असहाय पोर असताना लागले, तिला गुराढोरासारखी ओढून एखाद्याच्या दारात बांधावी असा काही हा कायदा नव्हे. शिवाय हा कायदा हिंदू शास्त्रातला नव्हे, विलायतेतून आलेला, हेही त्यांनी बजावले.

आणि मग जो गदारोळ उठला! हिंदू धर्म बुडाला असे एकीकडे, आणि स्त्रीजातीला न्याय मिळाला असे दुसरीकडे. बेहरामजी मलबारी हे पारशी पत्रकार आणि त्यांचे स्नेही रखमाबाईंच्या मदतीस धावले. टिळकांनी केसरीतून विरोधात लिहिले. आगरकर त्या वेळी केसरीचे संपादक आणि विचाराने सुधारक. अशा सामाजिक वादांतूनच दोघा मित्रांचे फाटत गेले आणि १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकरांनी केसरी सोडला. टिळकांना आम्ही लोकमान्य म्हणतो आणि म्हणतच राहू. परंतु या एका बाबतीत मला त्यांचे म्हणणे कधीही पटले नाही, हे या वयात सांगून टाकायला हरकत नसावी. बाईची बाजू घेण्याआधी राष्ट्राची बाजू सावरली पाहिजे, असे तेव्हा मोठमोठ्यांना वाटे. बाईची पाळी यायला मग फार दिवस लागतात.

दादाजीने अपील केले. १८८६ साली वरच्या न्यायाधीशांनी पिन्हेसाहेबांचा निकाल फिरवून खटला पुन्हा चालवण्यास पाठवला. न्यायमूर्ती फॅरन यांच्यापुढे तो पुन्हा चालला आणि ४ मार्च १८८७ चा तो हुकूम झाला. तोवर खटला विलायतेच्या वर्तमानपत्रांतही पोचला होता. दादाजीने आपली बाजू मांडणारी पुस्तिका छापली, रखमाबाईंनी तिला उत्तर दिले. घरातले भांडण चव्हाट्यावर येणे म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे; हे तर दोन खंडांच्या चव्हाट्यावर आले होते. पंचवीसही वर्षे पुरी न झालेली मुलगी, वडील नाहीत, सावत्र वडीलही नाहीत, आणि घरी आई. तुरुंगात जाते म्हणण्याआधी त्या मायलेकींच्या किती रात्री झोपेशिवाय गेल्या असतील!

शेवटी तुरुंगाची वेळ आली नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हुकूम बजावण्याचा हट्ट सोडला. त्याने दुसरे लग्नही केले. रखमाबाईंना मात्र तशी वाट नव्हती. सोडचिठ्ठीचा कायदा हिंदूंना नव्हता. त्या मोकळ्या झाल्या खऱ्या, पण कागदोपत्री दादाजीची बायकोच राहिल्या.

त्याच १८८७ सालची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेत होत्या. त्यांनी तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याची प्रस्तावना आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांची, आणि तीत आनंदीबाईंच्या मृत्यूचा शोक आहे. त्याच पुस्तकात पुढे रमाबाईंनी रखमाबाईंच्या खटल्याची हकीकत दिली आहे. कल्याणची आणि मुंबईची अशा दोघी एकाच पुस्तकात, फिलाडेल्फियात छापलेल्या. एक नवऱ्याच्या हट्टाने डॉक्टर झालेली, दुसरी नवऱ्याला नकार देऊन पुढे डॉक्टर होणारी.

आता रखमाबाईंपुढे प्रश्न होता की, करायचे काय? मुंबईत तेव्हा एडिथ पीची नावाच्या विलायती डॉक्टरीणबाई होत्या. एडिंबरोच्या विद्यापीठात वैद्यक शिकण्यासाठी ज्या सात मुली भांडल्या त्यांतल्या या एक. १८८३ साली त्या इकडे आल्या. १८८६ साली उघडलेल्या कामा रुग्णालयाचा कारभार त्यांच्याकडे होता. त्यांनी रखमाबाईंना वैद्यकाकडे वळवले. पैसे उभे राहिले, त्यांत इंदूरच्या शिवाजीराव होळकरांची ५०० रुपयांची देणगी होती. विलायतेत मॅक्लारेन दांपत्याने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. १८८९ साली त्या निघाल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात शिकल्या, १८९४ साली स्कॉटलंडच्या वैद्यक मंडळांची परीक्षा उतरल्या आणि ब्रुसेल्सहून एम.डी. घेतली. पाच वर्षांचे शिक्षण मी चार ओळींत उरकले, त्याबद्दल वाचकभगिनींनी क्षमा करावी. मला घाई आहे ती सुरतेला पोचण्याची.

परत आल्यावर थोडे दिवस त्या कामा रुग्णालयात होत्या. मग १८९५ साली सुरतेच्या बायकांच्या रुग्णालयाची जबाबदारी घेऊन गेल्या. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यातच होते, तरी गाव गुजराती, भाषा परकी, आणि बाई कशी, तर नवऱ्याला कोर्टात खेचणारी! खेचले होते नवऱ्याने, पण लोकांच्या तोंडी असेच उलटे होते. अशा बाईच्या हाती आपली लेकसून कोण देणार? रुग्णालय होते, खाटा होत्या, डॉक्टर होती. बाळंतिणी मात्र येत नव्हत्या.

का येत नव्हत्या हे आजच्या मुलींना समजणार नाही, म्हणून सांगते. आमच्या आजेसासूबाईंची आठ बाळंतपणे घरातच झाली. त्यांच्याकडून ऐकलेले असे : बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सर्वांत अंधारी खोली. वारा लागू नये म्हणून खिडकी बंद, खाली शेगडी, धुराने डोळे चुरचुरायचे. अंगाखाली घालायला घरातली जुनीपानी फडकी, कारण ती पुढे टाकूनच द्यायची. सुईण हाताने निष्णात असे, पण हात धुण्याची रीत नव्हती. नाळ कापायला जे हाती लागेल ते, विळासुद्धा. बाळ आठवड्याच्या आत आखडून गेले तर बाहेरची बाधा झाली म्हणायचे. तो धनुर्वात असे आणि तो त्या विळ्यातून येई, हे कोणाला ठाऊक? बाळंतिणीला तिसऱ्या दिवशी ताप भरला की दैवावर हवाला. आजेसासूबाईंच्या आठांपैकी चार जगली, आणि चार जगली म्हणून त्यांना भाग्यवान म्हणत.

व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने १८४७ सालीच दाखवून दिले होते की, तपासणाऱ्याने हात औषधी पाण्याने धुतले की बाळंतज्वराने मरणाऱ्या बायका एकदम कमी होतात. पुढे लिस्टरसाहेबांनी कार्बोलिकचा वापर रूढ केला. रखमाबाई हे सारे शिकून आल्या होत्या. उकळलेली हत्यारे, धुतलेले हात, स्वच्छ कापड, उजेड आणि हवा : एवढ्यावर कितीतरी जीव वाचणार होते. पण घरच्या अंधाऱ्या खोलीत नवसासायासांची, देवादिकांची सोबत असते, आणि रुग्णालय म्हटले की मरायचे ठिकाण. बाई, हे सुरतेपुरते नव्हते. आपल्याकडेसुद्धा परवापरवापर्यंत "दवाखान्यात नेली" असे कोणी म्हटले की शेजारणी पदराला डोळे पुसत.

यावर रखमाबाईंनी काय केले त्याची एक गोष्ट सांगतात. त्यांनी एक गाभण शेळी (कोणी मेंढी म्हणतात) रुग्णालयात आणून ठेवली. दिवस भरले, शेळी व्याली, करडू आणि आई दोन्ही सुखरूप. शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या. मुक्या जनावराला येथे काही झाले नाही, मग आपल्याला काय होणार, असे म्हणत हळूहळू पहिली आली, दुसरी आली. गोष्ट शब्दशः तशीच घडली की काय, यावर मी पैज लावणार नाही. पण ती ज्या तऱ्हेने सांगितली जाते त्यात त्यांचा स्वभाव दिसतो. व्याख्यान नाही, रागावणे नाही, तुम्ही अडाणी आहात असे म्हणणे नाही. बायकांना जे डोळ्यांनी दिसते तेच त्यांच्यापुढे ठेवायचे. ज्या बाईने हायकोर्टात एक पाऊलही मागे घेतले नाही, ती शेळीच्या पाठीवर हात फिरवीत बायकांची वाट पाहत बसली!

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढल्या वर्षी तो सुरतेतही पोचला. लोक गावे सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. रखमाबाई सुरतेतच राहिल्या. अशी एकदोन नव्हे, बावीस-तेवीस वर्षे गेली. ज्या मुली त्यांच्या हातांत जन्मल्या असतील त्याच पुढे त्यांच्याकडे बाळंत व्हावयास आल्या असतील, इतका हा काळ मोठा आहे. आपल्याकडचे जुने डॉक्टर "तुझ्या आईलाही मीच औषध दिले" म्हणतात ना, तसे. ज्या गावाने त्यांना आरंभी नवऱ्याला सोडलेली बाई म्हणून पाहिले, त्या गावाने त्यांना आपली डॉक्टरीणबाई म्हणून ठेवून घेतले. प्रेम मिळवण्याची याहून निराळी रीत डॉक्टरांना नसते.

पुढे १९१८ च्या सुमारास सरकारी महिला वैद्यकीय सेवेत येण्यासाठी विचारणा झाली, ती त्यांनी नाकारली आणि राजकोट संस्थानच्या जनाना रुग्णालयात गेल्या. तेथे त्यांनी रेडक्रॉसची शाखा काढली. साठी उलटून गेल्यावर, १९२९-३० च्या सुमारास, कामातून मोकळ्या होऊन त्या मुंबईस परतल्या. पडदा मोडला पाहिजे या विषयावर १९२९ साली त्यांनी एक पुस्तिका लिहिली. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी टोपणनावाने पत्रे लिहिणारी लेखणी वाळली नव्हती.

त्यांच्या खटल्याचे काय झाले, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे वय दहावरून बारा केले गेले. त्यामागे बंगालमधल्या फुलमणी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू होता, तसा रखमाबाईंच्या खटल्याने उठलेला विचारही होता. १९२९ साली सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले. नांदायला न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात घालण्याची तरतूद १९२३ साली काढून टाकली. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा झाला आणि घटस्फोटाची वाट हिंदू स्त्रीला मोकळी झाली, तेव्हा रखमाबाई नव्वद वर्षांच्या होत्या. मात्र त्याच कायद्याच्या नवव्या कलमात नांदायला बोलावण्याचा दावा कायम राहिला. तो नवऱ्यावरही लावता येतो. आंध्रच्या हायकोर्टाने १९८३ साली ते कलम घटनेविरुद्ध ठरवले, पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. पिन्हेसाहेब म्हणाले होते की हा कायदा विलायतेचा. विलायतेने तो स्वतः १९७० साली रद्द केला. आपण ठेवून घेतला. आपल्या मंडळात दोघी वकीलबाई आहेत, त्यांनी एखाद्या बुधवारी यावर बोलावे अशी माझी सूचना आहे.

रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी मुंबईत वारल्या. त्यानंतर बरीच वर्षे त्या विस्मरणातच गेल्यासारख्या होत्या. मोहिनी वर्दे यांनी 'डॉ. रखमाबाई : एक आर्त' हे चरित्र लिहिले, ते आपल्या वाचनालयाने अवश्य घ्यावे. २०१६ साली अनंत महादेवन यांनी त्यांच्यावर चित्रपटही काढला. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी गुगलने आपल्या पानावर त्यांचे चित्र लावले. माझ्या नातीने मोबाइलवर ते दाखवून "आजी, या कोण?" असे विचारले. हा लेख म्हणजे तिला त्या दिवशी नीट न देता आलेले उत्तर समजावे.

एक गोष्ट मात्र अजून माझ्या मनातून जात नाही. दादाजी १९०४ साली वारला. सांगतात की, त्यानंतर रखमाबाई विधवेसारखे पांढरे लुगडे नेसू लागल्या. ज्या लग्नाला लग्न म्हणायचे नाही म्हणून तुरुंगात जायची तयारी केली, त्याच लग्नाचे वैधव्य का घ्यावे? मागच्या महिन्याच्या बैठकीत हा लेख वाचून दाखवला तेव्हा यावर दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, कायद्याने बायको ठरवलेत ना, मग घ्या, मी विधवाही झाले, असा तो टोमणा असेल. काहीजणी म्हणाल्या, छे, संस्कार काही कोर्टात सुटत नाहीत. एकीने विचारले, त्या माणसाची कीव आली असेल का? बराच वेळ कोणी बोलले नाही. आमच्यातल्या सर्वांत वडील बाई, ज्यांनी चाळीस वर्षे सरकारी दवाखान्यात दाईचे काम केले, त्या तोवर कोपऱ्यात चहाचे कप विसळीत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, बाळंतपणे करणारीला पांढरेच बरे पडते. डाग लगेच दिसतो, आणि सोड्यात उकळले की निघतो."